गोल मारणारे सोडून हा खाराच का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. आइस हॉकी बघणारा मराठी माणूस भेटला की लोक आधी हसतात, मग आवडता खेळाडू विचारतात. मी झ्देनो खाराचं नाव घेतो. पुढचा प्रश्न ठरलेला: स्लोव्हाकियानं होसा, गाबोरीक यांच्यासारखे गोल मारणारे दिले, ते सोडून हा बचावपटूच का?

खारा स्लोव्हाकियातल्या त्रेंचीनचा, जन्म 1977चा. वडील ग्रीको-रोमन कुस्तीतले, 1976च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकमध्ये चेकोस्लोव्हाकियाकडून उतरलेले. पोराची उंची वाढत वाढत सहा फूट नऊ इंचांवर गेली. एनएचएलमध्ये, म्हणजे अमेरिका-कॅनडातल्या आइस हॉकीच्या मोठ्या लीगमध्ये, त्याच्याहून उंच खेळाडू आजवर झाला नाही. उंचीचा फायदाच की, असं तुम्ही म्हणाल. पण बर्फावर लांब पाय वळायला वेळ घेतात आणि बुटका, चपळ खेळाडू बगलेतून निसटून जातो. 1996 साली ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ पाळीपाळीनं नवे खेळाडू निवडतात तिथे, न्यूयॉर्क आयलँडर्स या संघानं त्याला घेतलं ते छप्पन्नाव्या क्रमांकावर. तिथून तो आधी कॅनडातल्या प्रिन्स जॉर्ज गावी ज्युनियर लीग खेळायला गेला.

2001 साली आयलँडर्सनी ओटावा संघाच्या अलेक्सेई याशिन या फॉरवर्डसाठी ओटावाला खारा दिला, आणखी एक खेळाडू दिला, वर ड्राफ्टमधली दुसऱ्या क्रमांकाची निवडही दिली. याशिनशी दहा वर्षांचा करार केला, सहा वर्षांत तो मोडला आणि पुढे 2015पर्यंत त्याला न खेळण्याचे पैसे मोजत बसले! ओटावानंही 2006 साली खाराला जाऊ दिलं. बॉस्टन ब्रुइन्सनी त्याला घेतलं आणि आल्या आल्या कर्णधार केलं. पुढची चौदा वर्षं कर्णधार तोच.

आता खेळ. समोरून एखादा फॉरवर्ड पक (चेंडूऐवजी असते ती रबरी चकती) घेऊन सुसाट येतोय. खारा त्याच्या अंगावर धावून जात नाही. तोंड त्याच्याकडे ठेवून मागे मागे सरकतो, अंतर कायम राखतो, स्टिक एका हातात, पुढे लांब धरलेली. त्याची स्टिकही इतरांपेक्षा लांब, लीगनं खास परवानगी दिलेली. मधून वाट नाही म्हटल्यावर फॉरवर्ड कडेला वळतो, आणि कडेला एकदा गेला की मैदानाच्या कडेची फळी आणि खारा यांच्यामध्ये चेपला जातो. टीव्हीवर यातलं फारसं काही दिसत नाही. कॅमेरा पकबरोबर पळतो.

स्टॅनले कप म्हणजे एनएचएलचं विजेतेपद. त्याच्या 2011च्या फायनलमध्ये बॉस्टनसमोरच्या व्हँकूव्हरकडे सेदिन जुळे भाऊ होते, त्या काळी लीगमधली सगळ्यात धोकादायक जोडी. फायनल म्हणजे सामन्यांची मालिका; त्या सात सामन्यांत व्हँकूव्हरचे गोल झाले फक्त आठ. त्या वर्षीच्या बाद फेऱ्यांमधला सर्वोत्तम खेळाडू म्हणून बक्षीस बॉस्टनचा गोलकीपर टिम थॉमसला मिळालं, ते योग्यच. पण थॉमसच्या समोर कोण उभा होता, हेही बघा की.

देव्हाऱ्यात बसवायचा माणूस मात्र तो नव्हे. त्याच वर्षी मार्चमध्ये मॉन्ट्रियलच्या मॅक्स पॅचिओरेटीला त्यानं असं ढकललं, की तो दोन संघांच्या बाकांमधल्या, काच धरून ठेवणाऱ्या खांबावर आदळला आणि त्याच्या मानेचा मणका तडकला. पोलीस चौकशी झाली, गुन्हा दाखल झाला नाही, लीगनंही बंदी घातली नाही. मला विचाराल तर चार-पाच सामने तरी बाहेर बसवायला हवं होतं.

2019च्या फायनलमध्ये, वय बेचाळीस, चौथ्या सामन्यात पक उसळून तोंडावर बसला आणि जबडा मोडला. पाचव्या सामन्याला तो तोंड झाकणारं कवच लावून बर्फावर हजर. बॉस्टनचे प्रेक्षक त्याचं नाव पुकारल्यावर थांबेचनात. ब्रुइन्स तो सामनाही हरले आणि शेवटी कपही.

2022 साली निवृत्त झाला तेव्हा 1,680 सामने झाले होते. एनएचएलमध्ये कुठल्याही बचावपटूपेक्षा जास्त. त्यानंतर हा मॅरेथॉन धावायला लागला, ते वेगळंच.

एकदा बघायचंच असेल तर 2011ची फायनल काढा, पक कुठे चाललाय ते विसरा आणि तेहतीस नंबरच्या स्टिकवर नजर ठेवा. दोन-तीन मिनिटं कंटाळा येईल, तेवढा सोसा.