सदतिसावे वचन

स्मरणिकेसाठी मनोगत पाठवा, असं शाळेचं पत्र आलं आणि पहिल्यांदा आठवला तो जुन्या इमारतीचा मागचा जिना. मुख्याध्यापक, क्रीडांगण, स्नेहसंमेलन यांवर बाकीचे लिहितीलच. मी बायबलच्या तासाच्या बाईंवर लिहिणार. नाव सांगायची गरज नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळलं.

सातवीत होतो. वचनपाठांतराची स्पर्धा होती. लूक, अध्याय १०, वचनं २५ ते ३७, म्हणजे चांगल्या शोमरोन्याची गोष्ट : वाटेत जखमी पडलेल्या माणसाला याजक, म्हणजे देवळातला पुरोहित, टाळून जातो आणि परका शोमरोनी त्याला उचलतो. कानामात्रेसकट पाठ. वर्गातून निघालो तर जिन्याच्या खालच्या पायरीवर पहिलीतलं एक पोर ओकून तसंच बसलेलं. सदरा भरलेला, रडायचंही सुचत नव्हतं त्याला. मी नाक दाबलं आणि कठड्याला धरून, अंग चोरून वर गेलो. त्या क्षणी ओठांवर नेमका याजक बाजूने निघून जातो तोच भाग होता. आज लिहितानाही कानशिलं तापतात.

स्पर्धा उशिरा सुरू झाली. बाई आल्या त्या ओल्या पदराने. पोराला धुऊन, पायरीवर वाळू टाकून आल्या होत्या. मला जाताना त्यांनी पाहिलं होतं का, ते शेवटपर्यंत कळलं नाही. मी एकही चूक न करता म्हटलं, पहिला आलो. माझ्या कागदावर बाईंच्या बारीक अक्षरात शेरा होता : 'पाठांतर उत्तम. ३७वे वचन पुन्हा वाचणे.' ते वचन म्हणजे 'माझा शेजारी कोण?' असं विचारणाऱ्या शास्त्र्याला येशू गोष्टीच्या शेवटी सांगतो, जा, तूही तसंच कर. बाई रागावल्या असत्या तर मी कधीच विसरलो असतो.

पुढे प्रिन्स्टनमधल्या धर्मविद्येच्या ४० विद्यार्थ्यांवरचा एक प्रयोग वाचनात आला, १९७३ साली प्रसिद्ध झालेला. दुसऱ्या इमारतीत जाऊन बोलायचं, काहींचा विषय हीच गोष्ट. वाटेत एक माणूस कण्हत बसवलेला. 'उशीर झालाय, पळा' असं ज्यांना सांगितलं त्यांतले शेकडा १० थांबले, ज्यांना सवड होती त्यांतले ६३. बोलायचा विषय कोणता, याने फारसं अडलं नाही. आपण एकटेच नाही म्हणून आधी हायसं वाटलं. मग बाई आठवल्या. उशीर तर त्यांनाही झाला होता.

दोन मोठ्या आज्ञा येशूने जुन्या करारातूनच उचलल्या, हे बाई फळ्यावर लिहून दाखवायच्या. देवावर पूर्ण मनाने प्रीती कर, ही 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या ६व्या अध्यायातली. शेजाऱ्यावर स्वतःसारखी, ही 'लेवीय' पुस्तकाच्या १९व्या अध्यायातली. ''या दुसरीचा शेजार बघा रे,'' म्हणायच्या. तिच्या आधीचीच वचनं : मजुराची मजुरी रात्रभर ठेवू नको, बहिऱ्याला शाप देऊ नको, आंधळ्यापुढे अडखळण ठेवू नको. ''देवावर प्रीती आहे म्हणतोस? मग कुणाची मजुरी अडकवलीस ते आधी सांग.''

मी हिशेबनीस झालो, आज एका मोठ्या कचेरीचा लेखाविभाग सांभाळतो. थोडी बढाई मारू द्या : सफाई कामगारांचं बिल माझ्या टेबलावर एक रात्रही मुक्काम करत नाही. साहेब हसतात. हसोत.

तो जिना आता पाडलाय, लिफ्ट आहे म्हणे. बायबलच्या तासाला पडद्यावर चित्रं दाखवतात. असेल, चांगलंही असेल. मला आपला खडू बरा वाटतो.

बाई आजारी असल्याचा फोन आला तेव्हा वर्षअखेरीचे हिशेब चालू होते. चार दिवसांनी गेलो. खुर्ची ओढून बसतोय, क्षमा मागायला तोंड उघडतोय, तोच बाई म्हणाल्या, ''शेजारच्या खाटेवरच्या आजींना केव्हाचं पाणी हवंय. आधी त्यांना दे.''

दिलं. आजी सावकाश प्यायल्या, पेला दोनदा भरावा लागला. मग बाईंनी विचारलं, ''जेवलास का?''