हॅरिस हॉकच्या मागे एक दिवस

शिकारीला निघायचं की नाही, हे सकाळी वजनकाट्यावर ठरतं. मित्राच्या पक्षीखोलीत शिरल्यावर पहिलं काम तेच. काट्यावर ताटलीच्या जागी एक आडवी दांडी बसवलेली असते आणि हॅरिस हॉक या शिकारीसाठी शिकवलेल्या पक्ष्याची मादी हातमोज्यावरून तिच्यावर आपणहून उतरते. काटा ९४५ ग्रॅम दाखवतो. हिचं उडण्याचं वजन ९३० ते ९५०, म्हणजे निघायला हरकत नाही. हीच ९८० भरली असती तर एखाद्या उंच झाडावर जाऊन बसली असती आणि खालून शिट्ट्या मारणाऱ्यांकडे तिनं ढुंकूनही पाहिलं नसतं. ९०० च्या खाली उतरली असती तर अंगात ताकद राहिली नसती आणि थंडीत जिवावरही बेतलं असतं. नर बराच लहान, साधारण ६०० ते ७०० ग्रॅमचा. त्याच्या वागण्यात दहा-पंधरा ग्रॅमनीही फरक पडतो.

वजन रोज ठरल्या वेळी आणि त्याच साजासकट (पायातल्या पट्ट्या, घुंगरं वगैरे) करायचं. वहीत आकड्याशेजारी हवामान आणि किती खाऊ घातलं तेही लिहायचं, कारण थंडी वाढली की तेवढंच वजन राखायला मांस जास्त लागतं. शिवाय नुसत्या आकड्यावर विसंबू नये. छातीचं मधलं हाड बोटांनी चाचपायचं: ते धारेसारखं लागलं तर पक्षी खंगलाय, हाताला लागतच नसेल तर चरबी चढलीय. शिकारी पक्ष्यांना उपाशी मारतात असं बरेच लोक धरून चालतात. उपाशी पक्षी ससा धरू शकत नाही, एवढं लक्षात घेतलं तरी पुरे.

दुसरी तपासणी जमिनीवर असते. आदल्या दिवशी पोटात गेलेल्या केसांची आणि पिसांची गुठळी हॉक सकाळी ओकून टाकतो. ती पडल्याखेरीज त्याला खायला द्यायचं नाही आणि उडवायचंही नाही. गुठळी घट्ट आणि जवळजवळ बिनवासाची हवी. ओली, हिरवट, घाण वासाची निघाली तर शिकार रद्द आणि पक्षी थेट डॉक्टरकडे.

नवशिक्याला हॅरिसच घ्यायला का सांगतात, याचं कारण त्याच्या रानातल्या राहणीत आहे. अमेरिकेच्या नैऋत्य भागापासून खाली चिली-अर्जेंटिनापर्यंत हा पक्षी आढळतो आणि शिकारी पक्ष्यांत क्वचित दिसणारी एक सवय त्याला असते: तो टोळीनं शिकार करतो. एक झुडपात घुसून ससा उठवतो, बाकीचे बाहेर टपून असतात. माणसानं काठी घेऊन झुडूप बडवायचं काम पत्करलं की तोही त्या टोळीतलाच एक होतो. गॉसहॉक हा दुसरा शिकारी पक्षी सुटताक्षणी याच्यापेक्षा वेगवान असतो, पण फार तऱ्हेवाईक. बहिरी ससाण्याची तर तऱ्हाच निराळी. त्याला मोकळं आभाळ लागतं, वरून सूर मारायला उंची लागते आणि डोळ्यांवर चामडी टोपी लागते. (ती टोपी युरोपात गेली ती अरबांकडून, तेराव्या शतकात, दुसरा फ्रेडरिक या पवित्र रोमन सम्राटाच्या काळात.) झुडपांच्या रानात त्याचा काही उपयोग नाही.

साजाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण पक्षी बहुतेक वेळा निष्काळजी साजामुळेच हातचा जातो. दोन्ही पायांत चामड्याचं मऊ कडं असतं, त्याला पितळी भोक, आणि भोकातून ओवलेली पट्टी. घरी वापरायच्या पट्टीच्या टोकाला चीर असते. त्या चिरेत फिरकी अडकवून पुढे दोरी बांधतात. रानात मात्र चीर असलेली पट्टी चालत नाही. ती काटक्यांत अडकली की पक्षी उलटा लटकतो आणि कुणाला दिसेपर्यंत मरून जातो. म्हणून शेताच्या कडेला पोचल्यावर, सोडण्याआधी, पट्ट्या बदलायच्या. पायांत दोन घुंगरं असतात, मुद्दाम वेगवेगळ्या सुरांची. एकाच सुरापेक्षा ती जोडी लांबवर ऐकू येते. शेपटीवर किंवा पाठीवर काही ग्रॅमचा जीपीएस ट्रान्समीटर. त्याचा सिग्नल येतोय का हे पक्षी हातावर असतानाच बघायचं.

जमीनमालकाची परवानगी घेतलेला एक उतार, त्यावर काटेरी झुडपांच्या रांगा आणि खाली सशांची बिळं. मित्रानं तिला एका सुक्या झाडावर सोडलं आणि आम्ही दोघं झुडपाच्या दोन्ही अंगांनी, सावकाश, काठ्या मारत निघालो. ती वरून झाडाझाडानं मागे येते. जितकी उंच बसेल तितकं चांगलं, उतरताना फुकटचा वेग मिळतो. ससा निसटला की दोघांपैकी कुणीही ‘हो, हो, हो!’ असं ओरडायचं. ही आरोळी फक्त ससा उठल्यावरच द्यायची. उगाच दिली तर चार दिवसांत पक्षी तिच्याकडे कान द्यायचा थांबतो.

पहिला ससा हुकला, आणि का ते स्पष्ट दिसलं. तो वाऱ्याच्या दिशेनं पळाला. पाठीवर वारा घेऊन हॉक वेगानं येतो, पण ऐन वेळी वळण घेणं त्याला जड जातं. सशानं काटकोनात उडी घेतली आणि ती हातभर पुढे जाऊन गवतात आदळली. अशा वेळी तिला लगेच हातावर बोलावून घास देऊ नये, कारण हुकलं तरी खायला मिळतं हे पक्षी फार लवकर शिकतो. ती आपली झाडावर जाऊ द्यावी. बोलवायचंच झालं तर घास नखाएवढा, आणि असे किती दिले ते मोजायचं. एरवी दुपारपर्यंत तिची भूक मरते.

बिळांपाशी फेरेट काढला. मुंगसाच्या अंगलटीचा हा पाळीव प्राणी बिळात शिरून सशांना बाहेर काढतो. मित्राचा पांढरा आहे, आणि ते सोयीचं पडतं. बिळाच्या तोंडाशी काहीतरी तपकिरी हललं की हॉक आधी झडप घालतो, मग बघतो. म्हणूनच हॉकला फेरेटची ओळख अगदी लहानपणी करून द्यावी लागते, दोघांना रोज एकमेकांच्या नजरेत ठेवून. इथे तोंड बंद ठेवायचं आणि पावलं हलकी टाकायची. जमिनीवर धपधप झाली तर ससे बाहेर यायच्याऐवजी आत दडून बसतात. कधी फेरेट आतच ससा मारतो आणि तिथेच मुक्काम ठोकतो. तेव्हा त्याच्या गळपट्ट्यातल्या यंत्राचा आवाज ऐकून जागा हेरायची आणि फावड्यानं खणायला लागायचं. तासभर जातो.

दुसरा ससा असाच बिळातून सुटला आणि वीसेक मीटरवर तिच्या पंजात आला. आता धावायचं. तिचा एक पंजा सशाच्या डोक्यावर होता, दुसरा खांद्यावर, म्हणजे पकड पक्की. फक्त पाठीमागे पकड बसली असती तर सशाच्या लाथांनी तिची पिसं मोडली असती. आपण आधी मागचे पाय दाबून धरायचे आणि मान एका झटक्यात मोडून ससा संपवायचा. पंख पसरून ती भक्ष्य झाकते, तेव्हा समोरून वाकून उभं राहू नये. बाजूनं, बसून जवळ जावं. हातमोज्यात सशाचा एक सुटा पाय धरून तिच्या पंजाशेजारी न्यायचा. ती त्यावर चढून खायला लागली की खालचा ससा पिशवीनं झाकून हळूच मागे सरकवायचा. ओढाओढी केली तर पुढच्या वेळी ती भक्ष्य घेऊन झुडपात घुसते आणि ही खोड मोडणं अवघड असतं.

घरी परतल्यावर तळपाय तपासायचे. काटा राहिला तर तिथे सूज येऊन पाय सडतो. पंख ओले असतील आणि रात्री पारा शून्याखाली जाणार असेल तर हॅरिसला घरातच ठेवावं. उष्ण प्रदेशातल्या या पक्ष्याच्या पंखांच्या टोकांना गारठ्यानं पाणी धरतं आणि ती टोकं गळून पडतात.

झुडपात आदळताना तिच्या शेपटीच्या बारा पिसांपैकी एक मोडलं होतं. मोडकं पीस तसंच सोडलं तर शेजारच्यावर ताण येऊन तेही मोडतं. मित्राकडे मागच्या वर्षी गळलेली पिसं क्रमांक घालून ठेवलेली असतात. त्याच बाजूचं, त्याच क्रमांकाचं पीस काढायचं, दोन्ही दांडे तिरके कापायचे, आत बांबूची तासलेली काडी बसवायची आणि इपॉक्सी गोंदाचा एक थेंब. एकानं पक्षी फडक्यात धरायचा, दुसऱ्यानं खाली कागदाचा तुकडा सरकवून गोंद शेजारच्या पिसांना लागणार नाही हे बघायचं. इपॉक्सी सुकेपर्यंत धरणाऱ्यानं हलायचं नाही.