सेन्सिटिव्हिटी बदलण्याआधी पॅड चाचपून बघा

पाऊस लागला की गोव्यात काउंटर-स्ट्राइक २ हा ऑनलाइन नेमबाजीचा गेम खेळणाऱ्यांचं एकच रडगाणं सुरू होतं: नेम लागत नाही, सेन्सिटिव्हिटी (माऊस हलवला की निशाण किती वळतं, तो गेममधला आकडा) किती ठेवू? माझं आग्रहाने सांगणं आहे, आकड्याला हात लावू नका. मे महिन्यात हाताला बसलेला आकडा जूनमध्ये चुकीचा होत नाही. बदललेली असते ती हवा.

कापडी माऊसपॅड ओलावा धरतो. मग माऊस जागचा हलायला जास्त जोर लागतो, आणि एकदा सुटला की निशाण शत्रूच्या डोक्याच्या पलीकडे जातं. ओळखायची खूण सोपी आहे: लांबचा झटका बरोबर पोहोचतो, पण शेवटची बारीक दुरुस्ती फसते. असं होत असेल तर पॅड कोमट पाण्यात थोड्या सौम्य साबणाने धुवा, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा (पिळू नका, रबर सुटतं) आणि पंख्याखाली सपाट ठेवा. पावसाळ्यात पूर्ण सुकायला दोन दिवसही लागतात, म्हणून दुसरा पॅड हाताशी असलेला बरा. एसी असेल तर खेळायच्या अर्धा तास आधी ड्राय मोड लावा. घामाने हात पॅडला चिकटत असेल तर हातावर कापडी बाही घाला.

माऊस खरंच बिघडलाय का, हे पट्टीने कळतं. डीपीआय (एक इंच सरकल्यावर माऊस किती काउंट, म्हणजे हालचालीचे बारीक टप्पे, मोजतो) ८००, सेन्सिटिव्हिटी १ ठेवा. निशाण भिंतीच्या कोपऱ्यावर धरून माऊस सरळ आडवा सरकवा. साधारण ५२ सेंटिमीटरला एक पूर्ण फेरी व्हायला हवी. पॅड पुरत नसेल तर उचलून दोन टप्प्यांत मोजा. गेम एका काउंटला ०.०२२ अंश वळतो, म्हणजे ३६० अंशांना सुमारे १६,३६४ काउंट. त्याला ८०० ने भागलं की २०.४५ इंच. निम्म्यात किंवा दुपटीत फेरी होत असेल तर बहुतेक वेळा माऊसवरचं डीपीआयचं बटण चुकून दाबलं गेलेलं असतं.

पॅड कोरडा, माप बरोबर, तरी गोळ्या इकडेतिकडे? मग गेममधले आपले पाय बघा, धावता धावता गोळी मारताय का. एके-४७ हातात असताना धावण्याचा वेग गेमच्या मापात २१५ असतो, आणि तो सुमारे ३४ टक्क्यांच्या खाली, म्हणजे ७३ च्या आसपास आल्याशिवाय पहिली गोळी नेमकी जात नाही. उजवीकडे धावत असाल तर डी ही की सोडून क्षणभर डावीकडची ए दाबा आणि त्याच क्षणी गोळी मारा. नवे खेळाडू ए जास्त वेळ धरतात, मग उलट्या दिशेने धावू लागतात आणि गोळी पुन्हा भरकटते. हा सराव भिंतीवर करा, खुणा उमटतात त्या एका ठिपक्यात येईपर्यंत.

नेटचं थोडक्यात. मुंबईचे सर्व्हर जवळ असल्यामुळे पिंगपेक्षा (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ) पॅकेट लॉसचाच (वाटेत डेटा हरवण्याचा) त्रास जास्त. टेलिमेट्री, म्हणजे पिंग आणि लॉस पडद्यावर दाखवणारी गेममधली सोय, चालू ठेवा आणि राउटरपासून केबल ओढा. चवथीला घर पाहुण्यांनी भरलेलं असताना सगळे आरतीचे व्हिडिओ अपलोड करत असतात, तेव्हा वायफायवर रँकचा सामना लावूच नये. लॉस दिसत असेल तर गेममधलं बफरिंग एका पॅकेटवर न्या. त्याने सुमारे १५.६ मिलिसेकंद उशीर वाढतो, पण शत्रू उड्या मारत दिसायचा थांबतो. लॉस नसताना ते लावून ठेवू नका.

आणि लाइट. कॉम्प्युटरला यूपीएस असतो, राउटर मात्र थेट भिंतीला. त्यामुळे क्षणभराच्या झटक्यानेही राउटर बंद पडून पुन्हा चालू होतो, नेट परत येईपर्यंत काही मिनिटं जातात, आणि तेवढ्यात राउंड हातचे जातात. राउटरच्या अडॅप्टरवरचा व्होल्ट आणि अँपियर वाचा. बहुतेकांवर १२ व्होल्ट असतो, पण ९ व्होल्टचेही आहेत. मिनी यूपीएसचा व्होल्ट तोच आणि अँपियर तेवढा किंवा जास्त हवा. फायबरचा डबा वेगळा असेल तर त्यालाही हवा, नुसता राउटर चालू राहून काही होत नाही. विजा कडाडायला लागल्या तर मात्र खेळ थांबवून सगळे प्लग काढा.