"नफा झाला म्हणतासा, मग पैसं कुठं हाईत?"

मार्चअखेरीला आमच्या घरी एक भांडण ठरलेलं असायचं. आबांचं कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात छोटं मशिन शॉप होतं. दोन लेथ, एक शेपर, एक ड्रिल आणि पावसाळ्यात गळणारा पत्रा. आबा वही मिटायचे आणि यंदा किती सुटले ते सांगायचे. आई भाकरी थापता थापता विचारायची, "नफा झाला म्हणतासा, मग पैसं कुठं हाईत?"

आबांचं उत्तरही ठरलेलं. "लेथच्या नव्या चकमधी हाईत. थोडं कोपऱ्यातल्या कास्टिंगमधी. बाकीचं शिरोलीच्या पार्टीकडं अडकल्यात."

आईला हे कधीच पटलं नाही. मला मात्र शेअर घेताना तिचा हा प्रश्न आठवायला हवा होता.

काही वर्षांपूर्वी मी एका कंपनीचे शेअर घेतले. नाव सांगत नाही, कारण गाढवपणा माझा होता. ताळेबंदात राखीव निधीचा आकडा कंपनीच्या एकूण बाजारमूल्यापेक्षा मोठा दिसला. म्हटलं, तिजोरीतच एवढे पडलेत, म्हणजे कारखाना फुकटच मिळतोय की!

आपल्याकडं हा घोटाळा होण्याचं एक कारण पतसंस्था. मी एका पतसंस्थेचा जुना सभासद. सहकार कायद्यानं निव्वळ नफ्यातला किमान पाव हिस्सा राखीव निधीला बाजूला काढावा लागतो, तो गुंतवायचा कसा यावरही बंधनं आहेत. वार्षिक सभेत राखीव निधी वाढल्याचं वाचून दाखवलं की टाळ्या पडतात. त्यामुळं 'राखीव' म्हटलं की डोळ्यापुढं कुलूप लावलेली पेटीच येते.

कंपनीचा राखीव निधी मात्र अशी पेटी नसते. त्यातले रिटेन्ड अर्निंग्ज म्हणजे आजवरच्या नफ्यातून तोटा आणि वाटलेला लाभांश वजा जाऊन उरलेली बाकी. ही बाकी भांडवलाच्या बाजूला लिहितात. पैसा आला कुठून, एवढंच ती सांगते. गेला कुठं, हे मालमत्तेच्या बाजूला बघायचं: यंत्रं, माल, उधारी, बँकेतली शिल्लक. मी शेअर घेतलेल्या कंपनीत तो बराचसा उधारीत गेला होता. दोन वर्षांनी त्यातली बरीचशी बुडीत म्हणून काढून टाकली, राखीव निधीला भगदाड पडलं आणि शेअरचा भाव तर त्याहून खाली गेला. उधारीची ती ओळ आधी वाचली असती तर... असो.

आता मी अहवाल उघडला की 'अदर इक्विटी'ची, म्हणजे भाग भांडवल सोडून भागधारकांच्या नावावर दाखवलेल्या बाकी रकमेची, फोड बघतो. त्या एका आकड्यात बरंच काही कोंबलेलं असतं. सिक्युरिटीज प्रीमियम हा धंद्यात कमावलेला पैसा नाही, तो शेअर विकताना दर्शनी किमतीच्या वर भागधारकांकडूनच जादा घेतलेला असतो. उलट जनरल रिझर्व्ह हा कमावलेलाच नफा. 1956 च्या कंपनी कायद्याखाली लाभांश देण्याआधी नफ्याचा काही भाग तिकडं वळवावा लागायचा, 2013 च्या कायद्यानं ती सक्ती काढली. म्हणून जुन्या कंपन्यांत फक्त रिटेन्ड अर्निंग्जची ओळ वाचली तर कमावलेला नफा कमी दिसतो. आणि बोनस शेअर मिळाले की आमच्या गल्लीत पेढे वाटतात, त्याचंही मला हसू येतं. राखीवमधली रक्कम उचलून भाग भांडवलात टाकली, झालं. भाकरीचे चार तुकडे केले म्हणून ती मोठी होत नाही.

ठेवून घेतलेल्या पैशानं काम काय केलं, हे तपासायला अमेरिकेतले नामवंत गुंतवणूकदार वॉरन बफेट यांची एक कसोटी आहे: ठेवलेल्या प्रत्येक डॉलरमागं कालांतरानं निदान एक डॉलरचं बाजारमूल्य वाढलं पाहिजे. मला बाजारभावावर एवढा भरवसा नाही, म्हणून मी नफाच बघतो. समजा, कंपनीनं पाच वर्षांत 15, 18, 20, 23 आणि 24 असे मिळून 100 कोटी कमावले. 30 वाटले, 70 ठेवले. नफा 9 नं वाढला, म्हणजे ठेवलेल्या 70 वर साधारण 13 टक्के. चालेल. दुसरीनंही 100 कमावून 70 च ठेवले, पण नफा 18 वरून 21 वर आला. ते झाले चार टक्क्यांच्या आसपास. एवढ्यासाठी पैसे त्यांच्याकडं कशाला ठेवायचे? वाटा म्हणावं, आम्ही आमचं बघतो. (शेवटच्या वर्षी ठेवलेल्या पैशाला अजून फळ धरलेलं नसतं, त्यामुळं हा हिशेब ढोबळच.)

वाटत नाही ती कंपनी वाईट, असंही नाही. बफेट यांच्याच बर्कशायर हॅथवे कंपनीनं त्यांच्या काळात एकदाच, 1967 मध्ये, लाभांश दिला. आपल्याकडं एमआरएफचं भाग भांडवल जेमतेम सव्वाचार कोटींचं आणि राखीव हजारो कोटींत. वर्षानुवर्षं नफा टायरच्या कारखान्यांत घालत गेली. आबांचा चक तसाच, फक्त मोठ्या मापाचा.

2021-22 पासून कंपन्यांना उधारीची वयवार फोड द्यावी लागते: सहा महिन्यांच्या आतली किती, वर्षावरची किती, तीन वर्षांवरची किती. मी आता अहवाल तिथूनच वाचायला घेतो. परवा रविवारी हौसेनं आमच्या शॉपचाही तसाच तक्ता केला. तीन वर्षांवरच्या रकान्यात एकच नाव आलं, शिरोलीची तीच जुनी पार्टी. फोन लावावा म्हणतोय, पण तो माझ्या मेहुण्याचा दोस्त पडतो, आणि पुढच्या महिन्यात मेहुण्याच्या पोरीचं लग्न आहे.