खिडकीत ठेवलेले पीस

त्या शनिवारी दोन नंबरची व्हीएमसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन, सकाळी दहापासून उभी होती, आणि ती मी उभी ठेवली होती. वाळूज एमआयडीसीतल्या आमच्यासारख्या कारखान्यात हे बोलायलासुद्धा धीर लागतो. तीसेक माणसांचं आमचं जॉबशॉप, म्हणजे गिऱ्हाइकाच्या ऑर्डरप्रमाणे सुटे भाग करून देणारा कारखाना. कास्टिंग बाहेरून येतं, त्याचं मशिनिंग करून फ्लँज, ब्रॅकेट, हाउसिंग पुढे पाठवायचे. मशीन उभी राहिली तरी बँकेचा हप्ता उभा राहत नाही, असं साहेब रोज सांगतात, आणि ते खरंच आहे.

नऊ वर्षं मी इथं प्लॅनिंग बघते. या नऊ वर्षांतली निम्मी सकाळ फोनवर माफी मागण्यात गेली. ‘सात दिवसांत देतो’ म्हणायचं आणि बाराव्या दिवशी चलान फाडायचं. मग सगळ्यात जोरात ओरडणाऱ्याच्या जॉबकार्डावर लाल स्टिकर लावायचं, चालू जॉब उतरवायचा, अर्जंट जॉब चढवायचा. एके दिवशी मोजलं तर निम्म्याहून जास्त कार्डांवर लाल स्टिकर होतं.

महिन्यातून दोन रविवारी उस्मानपुऱ्यात एका क्लासच्या रिकाम्या खोलीत आम्ही पंधरा-वीस जण जमतो. अजाइल पद्धतीनं, म्हणजे थोडं थोडं काम पूर्ण करत आणि दर टप्प्याला बघून सुधारत, काम कसं चालवायचं ते शिकायचं आणि आपापल्या कामावर करून बघायचं, एवढाच उद्देश. २०२० मध्ये पुण्याहून घरी परतलेल्या दोन-तीन सॉफ्टवेअरवाल्या मुलांनी हे सुरू केलं. आता त्यात एक आर्किटेक्ट आहे, एक निवृत्त प्रॉडक्शन मॅनेजर काका आहेत, इंजिनिअरिंगची पोरं आहेत. दर वेळी एकानं आपल्या कामावरची खरी अडचण मांडायची, कंपनीचं आणि माणसाचं नाव न घेता. बाकीच्यांनी आधी ऐकायचं, सल्ला नंतर.

पहिल्यांदा गेले तेव्हा वाटलं, हे आपलं नव्हे. अजाइलचा जाहीरनामा फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतल्या युटाह राज्यात, स्नोबर्ड इथं जमलेल्या १७ सॉफ्टवेअरवाल्यांनी लिहिला. माझ्या हातात माप घ्यायचं व्हर्निअर, त्यांच्या हातात लॅपटॉप. पण काकांनी मला थांबवलं. स्क्रम, म्हणजे छोट्या टीमनं मिळून काम पुढे न्यायची अजाइलमधली रीत, हा शब्द रग्बीच्या खेळातला, आणि तो कामाच्या संदर्भात आणला ताकेउची आणि नोनाका या दोन जपानी प्राध्यापकांनी, १९८६ च्या एका लेखात. त्यात त्यांनी होंडा, कॅनन अशा कंपन्यांमध्ये नवी वस्तू कशी घडते ते पाहिलं होतं. कुठलं काम कुठं आहे ते दाखवणारी कानबानची कार्डं तर थेट टोयोटाच्या शॉपफ्लोअरवरची, ताइइची ओनो यांच्या काळातली. म्हणजे या गोष्टी कारखान्यातूनच सॉफ्टवेअरकडे गेल्या होत्या. त्या दिवसापासून मी तिथं हक्कानं बसायला लागले.

त्याच खोलीत आम्ही नाण्यांचा खेळ खेळलो. रुपयाची वीस नाणी, टेबलावर ओळीनं चार माणसं. आधी प्रत्येकानं वीसच्या वीस उलटी करायची आणि मगच पुढे सरकवायची. नंतर एकेक नाणं उलटं करून लगेच पुढे. हात तेच, नाणी तीच, कुणी घाई केली नाही, तरी दुसऱ्या वेळी निम्म्याहून कमी वेळ लागला. पहिल्या फेरीत शेवटचा माणूस बराच वेळ नुसता हात बांधून बसला होता. मला आमचं डिस्पॅचचं टेबल आठवलं. तेही सकाळभर रिकामं असतं आणि संध्याकाळी सहाला तिथं पाय ठेवायला जागा नसते.

त्या शुक्रवारी संध्याकाळी मी फ्लोअरवरची जॉबकार्डं मोजली. ४६ निघाली. दिवसाला सरासरी चार जॉब पूर्ण होऊन बाहेर पडतात. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला नियम काकांनी फळ्यावर लिहून दाखवला होता: आत असलेलं सरासरी काम भागिले बाहेर पडण्याचा वेग, म्हणजे एका कामाला लागणारा सरासरी वेळ. ४६ भागिले ४, साडेअकरा दिवस. त्या रात्री मला झोप लागली नाही. आम्ही कुणीच कामचुकार नव्हतो. उशीर आमच्या हिशेबातच बसलेला होता, आणि त्यावरून नऊ वर्षं मी पोरांना बोलत आले होते.

शनिवारी सकाळी जुन्या पत्र्याच्या बोर्डावर सगळी कार्डं चुंबकानं लावली. मटेरियल आलं ८, सेटिंग ५, पहिला पीस १७, चालू ६, शेवटची तपासणी ७, चलान ३. सतरा! सेटिंग झाल्यावर पहिला पीस तपासून ओके आल्याशिवाय लॉट चालवायचा नाही, हा नियम बरोबरच आहे. पण ओके यायला वेळ लागतो, तेवढ्यात मशीन उभी दिसू नये म्हणून ऑपरेटर फिक्स्चर, म्हणजे जॉब पकडून ठेवणारी चौकट, उतरवतो आणि दुसरा जॉब चढवतो. त्याचाही पहिला पीस रांगेत जातो. पहिल्याचं ओके येतं तेव्हा पुन्हा तेच फिक्स्चर, पुन्हा सेटिंग, पुन्हा नवा पहिला पीस. मशीन उभी राहू नये म्हणून जे चाललं होतं, त्यानंच रांग वाढत होती. म्हणून मी ठरवलं, एक कार्ड बाहेर पडल्याशिवाय नवं आत नाही. दोन नंबरचा पहिला पीस तपासणीत होता. मी ऑपरेटरला म्हटलं, थांब, काही चढवू नकोस. तो माझ्याकडे बघतच राहिला.

साहेब बाराला आले.

“मॅडम, दोन नंबर का उभीये?”

मी त्यांना बोर्डासमोर नेलं, भागाकार करून दाखवला. ते बराच वेळ सतराच्या रांगेकडे बघत होते. मग म्हणाले, “साडेतीनपर्यंत. नंतर मशीन फिरताना दिसली पाहिजे.”

साडेतीनला शिफ्ट बदलते. दोन्ही शिफ्टना बोर्डासमोर पंधरा मिनिटं उभं केलं. पहिल्या शिफ्टला बस गाठायची होती, चेहरे त्रासलेले. ‘का झालं नाही’ असं विचारायचं नाही, हे मी रविवारी शिकले होते. एवढंच विचारलं, कार्ड कुठं अडतंय? कुणी बोलेना. ती शांतता मोडायचा मला फार मोह झाला, पण गप्प राहिले. मग दुसऱ्या शिफ्टचा, गेवराईकडचा एक पोरगा हळूच म्हणाला, “मॅडम, रातच्याला आमचे पीस खिडकीतच ऱ्हायतात की. खोलीला कुलूप असतंय.”

तपासणीच्या खोलीत उंची मोजायचं हाइट गेज आहे. दोन वर्षांपूर्वी रात्री कुणाच्या तरी हातून ते पडलं, मोठा खर्च आला. तेव्हापासून सहाला इन्स्पेक्टर निघाले की कुलूप, आणि किल्ली साहेबांच्या जुडग्यात. रात्रीचे पहिले पीस खिडकीच्या कठड्यावर चिठ्ठी लावून ठेवलेले, मी रोज सकाळी बघत होते. बघून पुढे जात होते.

आमचे इन्स्पेक्टर दादा दुखावले. “म्हणजे हे माझ्यावर येतंय का?” त्यांचा आवाज कापत होता. मी म्हटलं, “दादा, सतरा कार्डं आणि तुम्ही एकटे. तुमच्यावर नाही, तुमच्यावाचून अडतंय.” ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग स्वतःच म्हणाले, टर्निंगचे, म्हणजे लेथवरचे, साधे जॉब दोन सेटर तपासू शकतील, मी शिकवतो. साहेबांनी जुडग्यातली किल्ली काढली आणि दुसऱ्या शिफ्टच्या सुपरवायझरकडे दिली. वही ठेवा, म्हणाले, कोण आत गेलं ते लिहा.

सोमवारी ६०० ब्रॅकेट जायचे होते. तेवढे होणार नाहीत हे बोर्डावर स्वच्छ दिसत होतं, म्हणून शनिवारीच गिऱ्हाइकाला फोन केला. ते चिडले. दहा मिनिटांनी त्यांचाच फोन आला, आधी ४२० पाठवा, उरलेले बुधवारी चालतील. सोमवारी सकाळी कळलं असतं तर त्यांची लाइन थांबली असती, एवढंच ते म्हणाले.

महिन्याभरात कार्डं तिसावर आली. प्लेटिंग बाहेरून करून घेतो, तिथं अजून अडतं, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. आणि तिसऱ्याच आठवड्यात, काकांनी रविवारी ज्याची धास्ती बोलून दाखवली होती तेच झालं. रात्री ओके केलेल्या एका लॉटचे चाळीस पीस बोअर, म्हणजे आतलं भोक, मोठा होऊन वाया गेले. साडेतीनला सगळे बोर्डासमोर उभे होते. मी काही विचारायच्या आत तो गेवराईचा पोरगा पुढे झाला. “तो पीस म्याच तपासला व्हता. व्हर्निअरनं बघितला, चुकला.”

साहेब मागेच उभे होते. सुपरवायझरनं किल्ली खिशातून काढून हातात धरली. साहेबांनी ती घेतली नाही. मला विचारलं, “त्या बोअरचा प्लग गेज मागवला तर किती दिवसांत येईल?”