भारतीय पासपोर्टवर इंग्लंडमध्ये डिस्ट्रिक्ट कौन्सिलची निवडणूक : माझा अनुभव

इंग्लंडमध्ये कौन्सिलर, म्हणजे आपल्या नगरसेवकासारखा स्थानिक कौन्सिलचा सदस्य, व्हायला ब्रिटिश पासपोर्ट लागत नाही. भारत राष्ट्रकुलात असल्यामुळे आपल्याला इथे मत देता येतं, हे बऱ्याच मराठी मंडळींना ठाऊक असतं. उभंही राहता येतं, हे फार थोड्यांना. दोन्हींच्या अटी सारख्या नाहीत आणि गोंधळ तिथेच होतो. मत द्यायला कोणताही वैध व्हिसा चालतो, नोकरीच्या व्हिसावर आलेला माणूसही मतदारयादीत नाव घालू शकतो. उमेदवाराकडे मात्र कायम वास्तव्याची परवानगी, म्हणजे आयएलआर, असावीच लागते. ती नसताना भरलेला अर्ज स्वीकारलाही जाईल, कारण निवडणूक अधिकारी फक्त कागद नियमाप्रमाणे भरला आहे की नाही ते बघतो. पात्रता तपासणं त्याचं काम नाही. पण 'मी पात्र आहे' अशी सही तुम्ही केलेली असते. ती खोटी निघाली तर गुन्हा होतो आणि निवडही कोर्टात टिकत नाही. म्हणून पहिली छाननी स्वतःच, कडक करायची.

वय 18 हवं. शिवाय चारपैकी किमान एक अट पूर्ण हवी: त्या कौन्सिलच्या हद्दीतल्या मतदारयादीत नाव, किंवा गेले पूर्ण 12 महिने तिथे वास्तव्य, किंवा तेवढाच काळ तिथे मालकीची अथवा भाड्याची जागा, किंवा तेवढाच काळ मुख्य नोकरी तिथेच. जेवढ्या अटी खरोखर लागू आहेत तेवढ्या सगळ्यांवर खूण करा. फक्त मतदारयादीवर विसंबलात आणि नंतर शेजारच्या हद्दीत घर बदललंत, तर पद जाऊ शकतं. ज्या कौन्सिलची निवडणूक आहे त्याच कौन्सिलचा पगार घेणाऱ्याला उभं राहता येत नाही, आणि आपल्या लोकांत हे विशेष लागू पडतं, कारण आयटी किंवा अकाउंट्समध्ये कौन्सिलची नोकरी करणारे बरेच आहेत. डिस्ट्रिक्टमध्ये नोकरी असेल तर डिस्ट्रिक्ट बंद, कौंटी मोकळी. पण नोकरीची जागा राजकीयदृष्ट्या प्रतिबंधित, म्हणजे राजकारणात भाग घ्यायला मनाई असलेली, असेल तर दोन्ही बंद. हे एचआरला लेखी विचारून घ्यावं.

आता हे डिस्ट्रिक्ट आणि कौंटी काय प्रकरण आहे? 'डिस्ट्रिक्ट' ऐकून डोळ्यांपुढे जिल्हाधिकारी आणि झेडपी येते. तसं काही नाही. आकाराने आपल्या जिल्ह्याच्या जवळ जाणारी असते ती कौंटी. तिच्या पोटात अनेक डिस्ट्रिक्ट असतात. 2023 च्या फेररचनेनंतर अशा दोन मजली रचनेत 21 कौंटी कौन्सिल आणि 164 डिस्ट्रिक्ट कौन्सिल उरल्या. बाकी ठिकाणी एकच कौन्सिल सगळं बघते: लंडनचे 32 बरो (तिथले स्थानिक विभाग) आणि सिटी ऑफ लंडन, मँचेस्टर-बर्मिंगहॅमकडचे 36 मेट्रोपॉलिटन डिस्ट्रिक्ट, आणि स्लाव, रेडिंग, मिल्टन कीन्ससारख्या युनिटरी.

मी उभा राहिलो तो दोन मजल्यांतल्या खालच्या मजल्यावर, आणि दारोदार फिरताना खरा अभ्यास लागतो तो कामांच्या वाटणीचा. रस्त्यातला खड्डा कौंटीचा. शाळाप्रवेश, वाचनालय, वृद्धांची देखभाल हेही कौंटीचं. डिस्ट्रिक्टकडे घरांच्या बांधकामाची परवानगी, बेघरांची सोय, टॅक्सी आणि पबचे परवाने, उद्यानं. कचऱ्याची गंमत अशी की दारातून तो उचलायचा डिस्ट्रिक्टने आणि त्याची विल्हेवाट लावायची कौंटीने. त्यामुळे डबा उचलला नाही ही तक्रार एका कार्यालयात, टिपवर (कचरा डेपोत) गादी टाकू दिली नाही ही दुसऱ्या. मतदाराला या वाटणीचं सोयरसुतक नसतं आणि नसावंही. पण 'खड्डे बुजवीन' असं डिस्ट्रिक्टच्या पत्रकावर छापणारा उमेदवार एक तर अडाणी असतो किंवा लबाड.

वाटणी समजून घ्यायला सगळ्यात चांगला कागद म्हणजे कौन्सिल टॅक्सचं, म्हणजे इथल्या घरपट्टीचं, वार्षिक बिल. ते पाठवतं डिस्ट्रिक्ट, पण आतला तक्ता वाचलात तर सिंहाचा वाटा कौंटीकडे जातो हे दिसतं. मग पोलीस, मग डिस्ट्रिक्ट, आणि असेल तर पॅरिश, म्हणजे गावपातळीची छोटी कौन्सिल. त्या तक्त्यात जितक्या ओळी, तितक्या संस्था तुमच्यावर कारभार करतात. कौंटीची ओळच नसेल तर तुम्ही युनिटरी, मेट्रोपॉलिटन किंवा लंडनच्या हद्दीत आहात. वाढीलाही चाप आहे: अलीकडच्या वर्षांत डिस्ट्रिक्टला साधारण 3 टक्के किंवा 5 पौंड यांपैकी जे जास्त असेल त्याहून अधिक वाढ करायची तर सार्वमत घ्यावं लागतं. दारावर कुणी 'टॅक्स निम्मा करा' म्हणालं तर हाच तक्ता पुढे करावा.

आणि मेयर? हा प्रश्न प्रत्येक रस्त्यावर निघतो. इथे मेयर किमान चार तऱ्हांचे आहेत. 'बरो' हा मानाचा दर्जा असलेल्या डिस्ट्रिक्टमध्ये दर मे महिन्यात कौन्सिलर आपल्यातूनच एकाला वर्षभरासाठी मेयर करतात. गळ्यात सोन्याची साखळी, सभेचं अध्यक्षपद, समसमान मतं पडली तर निर्णायक मत, बाकी उद्घाटनं. आपल्याकडच्या महापालिकेत महापौर नगरसेवकांतून निवडला जातो आणि कारभाराचे अधिकार आयुक्तांकडे असतात, त्याच्याशी हे थोडं जुळतं. फरक इतकाच की इथे अधिकार नोकरशहाकडे जात नाहीत, ते बहुमतवाल्या गटाच्या लीडरकडे आणि त्याच्या कॅबिनेटकडे असतात. लहान गावातला टाऊन मेयर म्हणजे पॅरिश पातळीवरच्या टाऊन कौन्सिलचा अध्यक्ष.

तिसरा प्रकार खऱ्या अधिकारांचा. 2000 च्या स्थानिक शासन कायद्याने थेट लोकांनी निवडलेला मेयर ठेवण्याची सोय झाली. वॉटफर्ड हे याचं नमुनेदार उदाहरण: हर्टफर्डशर कौंटीखालचं साधं डिस्ट्रिक्ट, पण 2002 पासून मेयर थेट निवडलेला. तिथे कॅबिनेट तो नेमतो, आणि कौन्सिलच्या सभा चालवायला वेगळा अध्यक्ष असतो. त्याचं बजेट बदलायचं तर कौन्सिलरांना दोन तृतीयांश मतं जमवावी लागतात. तरीही वॉटफर्डमधले रस्ते आणि शाळा कौंटीकडेच! ही पद्धत सगळीकडे रुजली असंही नाही. ब्रिस्टलने 2022 मध्ये सार्वमत घेऊन मेयर काढून टाकला, तर क्रॉयडनने त्याच वर्षी पहिला निवडून आणला. चौथा प्रकार अनेक कौन्सिलांवर मिळून एका मेयरचा. ग्रेटर मँचेस्टरमध्ये 10 कौन्सिलांवर असा मेयर 2017 पासून आहे. बस, घरबांधणीचा निधी, प्रौढांचं प्रशिक्षण, शिवाय पोलीस आणि अग्निशमन त्याच्याकडे. लंडनचा मेयर याच जातकुळीतला, पण स्वतंत्र कायद्याखालचा, 2000 पासूनचा. सिटी ऑफ लंडनचा लॉर्ड मेयर निराळा. त्याचा या निवडणुकीशी काही संबंध नाही.

पैशाच्या दृष्टीने फरक मोठा आहे. डिस्ट्रिक्ट कौन्सिलर व्हायला अनामत रक्कम शून्य. थेट निवडणुकीच्या स्थानिक मेयरला 500 पौंड, अनेक कौन्सिलांवरच्या संयुक्त मेयरला 5,000, लंडनच्या मेयरला 10,000. 5 टक्के मतं नाही पडली तर जप्त.

अर्जाकडे येतो. मतदान बहुधा मेच्या पहिल्या गुरुवारी असतं. अर्जाची मुदत त्याआधीच्या 19 व्या कामाच्या दिवशी दुपारी 4 वाजता संपते. शनिवार, रविवार, गुड फ्रायडे आणि बँक हॉलिडे मोजायचे नाहीत, त्यामुळे ईस्टर कुठे येतो त्यावर तारीख सरकते. कॅलेंडरवर बोटं मोजू नका, कौन्सिलच्या वेबसाइटवरचं वेळापत्रक छापून भिंतीवर लावा. 4 वाजून 1 मिनिटाला आलेला अर्ज कुणीही घेत नाही.

कागद मुळात तीन: उमेदवारी अर्ज, घरच्या पत्त्याचा फॉर्म, संमतीपत्र. पक्षातर्फे असाल तर पक्षाचं अधिकृत प्रमाणपत्र आणि चिन्हाची विनंती वेगळी. मुख्य तीन कागद हातोहात द्यावे लागतात. ईमेल, पोस्ट चालत नाही. अर्जावर पूर्वी दहा सह्या लागत, आता सूचक आणि अनुमोदक अशा दोनच पुरतात. दोघेही त्याच वॉर्डाच्या मतदारयादीत हवेत, आणि त्यांच्या नावापुढे यादीतला क्रमांक लिहायचा तो आधीच्या अक्षरांसकट. सर्वाधिक चुका इथेच होतात: लोक जुन्या यादीतला क्रमांक टाकतात किंवा रस्त्यापलीकडच्या, म्हणजे दुसऱ्या वॉर्डातल्या मित्राची सही घेतात. सह्या घेण्याआधी वरची सगळी माहिती भरलेली असावी, नंतर खाडाखोड करायची नाही.

नावाचा रकाना मराठी माणसाने नीट वाचावा. पूर्ण नाव लागतं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव पासपोर्टवर असेल तर तेही. पण लोक ज्या नावाने ओळखतात ते वेगळं असेल, तर 'नेहमीचं नाव' असा रकाना आहे. तिथे लिहिलेलं नाव मतपत्रिकेवर छापलं जातं. तो रिकामा सोडलात तर पाच शब्दी नाव छापून येतं आणि दारावर भेटलेली माणसं तुम्हाला शोधत बसतात. क्रम आडनावाच्या इंग्रजी वर्णमालेने लागतो, त्याला इलाज नाही. पत्ता छापायचा नसेल तर तसं फॉर्मवर कळवा, फक्त डिस्ट्रिक्टचं नाव येतं. संमतीपत्रावरची सही मुदतीच्या आधीच्या एका महिन्यातली आणि साक्षीदारासमोरचीच हवी. बहुतेक निवडणूक कार्यालयं वेळ ठरवून आधी अनौपचारिक तपासणी करून देतात. ती घ्याच, आणि शेवटच्या दिवशी नको.

खर्चाची मर्यादा 2024 च्या निवडणुकांपासून 960 पौंड अधिक दर मतदारामागे 8 पेन्स. 6,000 मतदारांच्या वॉर्डात 1,440 पौंड होतात. पत्रकं जानेवारीत छापली आणि प्रचारकाळात वाटली, तरी खर्च त्यातच धरायचा. 50 पौंडांहून मोठी देणगी घेण्याआधी देणारा इथल्या मतदारयादीत आहे का ते पाहावं लागतं. नाशिकच्या काकांनी कौतुकाने पाठवलेले 100 पौंड परतच करावे लागतात. प्रत्येक पत्रकावर छापणाऱ्याचं, प्रकाशकाचं आणि उमेदवाराचं नाव-पत्ता हवा. आता फेसबुक, व्हॉट्सअ‍ॅपवरच्या प्रचारसाहित्यालाही असा उल्लेख लागू शकतो. पडलात तरी, आणि एक पेनीही खर्च झाली नसली तरी, निकालानंतर 35 दिवसांत हिशेब द्यायचाच.

प्रचाराच्या ऐन दिवसांत गुढीपाडवा येतो. मंडळाच्या कार्यक्रमाला जरूर जा, पण जेवणाचा खर्च उमेदवाराने उचलू नये. मत मिळवायला खाऊपिऊ घालणं हा इथे निवडणूक गुन्हा आहे. तसंच ओळखीच्या आजी बंद पाकीट हातात देऊन म्हणतात, 'जाता जाता पोस्टात टाक.' घ्यायचं नाही. मे 2024 पासून प्रचारकाला दुसऱ्याची पोस्टल मतपत्रिका हाताळायला बंदी आहे; अपवाद जवळच्या नातेवाइकांचा वगैरे. नाही म्हणायला जीव होत नाही, पण म्हणावं लागतं.

मतदानाला फोटो ओळखपत्र लागतं. भारतीय पासपोर्ट चालतो, मुदत संपलेलाही, फोटोतला चेहरा जुळत असेल तर. आधार कार्ड, भारतीय ड्रायव्हिंग लायसन्स, ऑफिसचं कार्ड चालत नाही. पासपोर्टवर माहेरचं आडनाव आणि यादीत सासरचं असेल तर विवाह प्रमाणपत्र सोबत न्यावं. काहीच नसेल त्यांना मतदानापुरतं मोफत ओळख प्रमाणपत्र मिळतं, पण अर्ज मतदानाच्या सहा कामाचे दिवस आधी, संध्याकाळी 5 पर्यंत.

मोजणीत सर्वाधिक मतं पडली तो निवडून येतो, एवढंच गणित. तीन जागांच्या वॉर्डात मतदाराला तीन मतं असतात. मतं समान पडली तर अधिकारी चिठ्ठी टाकतो. निवडून आल्यावर दोन महिन्यांत पद स्वीकारल्याची सही आणि 28 दिवसांत घर, नोकरी, धंदा, जोडीदाराचं उत्पन्नाचं साधन यांची नोंद करायची. ती जाणूनबुजून लपवली तर फौजदारी गुन्हा. सहा महिने एकाही सभेला गेला नाहीत आणि कौन्सिलने कारण मंजूर केलं नाही, तर जागा आपोआप रिकामी. कौन्सिल टॅक्स दोन महिने थकला असेल तर बजेटवर मत देता येत नाही, आणि हे सभेत उठून स्वतः सांगावं लागतं.

उभं राहायचं मनात असेल तर आधी ती कौन्सिल शिल्लक राहणार आहे का ते पाहा. सरकारच्या डिसेंबर 2024 च्या श्वेतपत्रिकेने ही दोन मजली रचना मोडून सर्वत्र युनिटरी आणायचं धोरण जाहीर केलं आणि त्यापायी मे 2025 मधल्या नऊ कौन्सिलांच्या निवडणुका वर्षभर पुढे ढकलल्या गेल्या. तुमच्या वॉर्डात पुढची निवडणूक कोणत्या कौन्सिलची आणि किती वर्षांसाठी, हे निवडणूक कार्यालयाला फोन करून विचारलं की सांगतात.