दर आठवड्याला तिथे एवढं काय असतं?

"तुम्ही मंडळी दर आठवड्याला जमता, घंटा वाजवता, एकमेकांना पुष्पगुच्छ देता आणि वर भ्रष्टाचारावर व्याख्यानं ऐकता. त्यानं एक तरी लाचखोर सुधारला का?" मी एका सेवाभावी क्लबची जुनी सभासद आहे हे कळलं की हा प्रश्न येतोच. विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर मिश्कील हसू असतं, त्यामुळे आजवर मीही हसूनच वेळ मारून नेली. तुम्ही विचारलंत म्हणून आता नीट सांगते.

नाही, कुणीही सुधारला नाही. लाचखोर असल्या सभेला फिरकत नाही, आणि फिरकलाच तर पुढच्या रांगेत बसून टाळ्या वाजवतो. शिवाय या विषयावरची बहुतेक भाषणं ऐकवत नाहीत. पाण्यात राहून पाणी कधी पितो ते कळत नाही असा तो कौटिल्याचा मासा येतो, मूल्यांचा ऱ्हास येतो, शेवटी "सुरुवात स्वतःपासून करा" येतं. मग आभार, स्मृतिचिन्ह, फोटो. घरी येईपर्यंत वक्त्याचं नावही आठवत नाही.

पण अधूनमधून असा माणूस येतो, ज्यानं आयुष्यभर दुसऱ्यांच्या वह्या तपासल्यात. असेच एक निवृत्त ऑडिटर आमच्याकडे आले होते. वक्त्याला आमच्याकडे जेमतेम वीस-पंचवीस मिनिटं मिळतात. त्यांनी त्यातला बराच वेळ एका सहीवर घालवला. म्हणाले, "कुठलीही संस्था घ्या. चेकवर दोघांच्या सह्या हव्यात, असा ठराव असतो. दोघांपैकी एक जण फिरतीवर असतो. मग तो जाण्याआधी आठ-दहा कोऱ्या चेकवर सही करून ठेवतो, काम अडायला नको म्हणून. झालं. ठराव तिथंच संपला, आणि अजून कुणीही काही वाईट केलेलं नाही." माझ्या शेजारचे गृहस्थ खुर्चीत जरा सावरून बसले.

नीतिमत्ता हा शब्द त्यांनी एकदाही उच्चारला नाही. पावतीपुस्तकांवर बोलले. किती छापली, कुणाला दिली, किती परत आली, याची नोंद कोण ठेवतं? देणगी घेणारा, पावती फाडणारा, बँकेत भरणा करणारा आणि वहीत लिहिणारा माणूस एकच आहे का? बहुतेक छोट्या संस्थांत तो एकच असतो, आणि सहसा सगळ्यांत कष्टाळू तोच असतो. कधीच रजा न घेणाऱ्या कॅशियरचंही त्यांनी सांगितलं. आज एकाची आलेली रक्कम खिशात जाते. उद्या दुसऱ्याची आली की ती पहिल्याच्या नावावर जमा होते, परवा तिसऱ्याची दुसऱ्याच्या नावावर. हा खेळ चालू ठेवायचा तर माणसाला रोज हजर राहावं लागतं. म्हणून अनेक बँका नाजूक जागांवरच्या कर्मचाऱ्यांना सलग रजेवर पाठवतात. आपण मात्र अशा माणसाचा वार्षिक समारंभात सत्कार करतो.

डोनाल्ड क्रेसी या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाचं नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. विश्वासानं सोपवलेला पैसा गिळल्याबद्दल तुरुंगात गेलेल्यांना भेटून त्यानं 1953 मध्ये आपले निष्कर्ष मांडले. कुणाला सांगता न येणारी पैशाची अडचण, हाताशी असलेली संधी आणि मनाची काढलेली समजूत, या तीन गोष्टी एकत्र आल्या की सरळमार्गी माणूसही घसरतो. त्यातली समजूत मला सगळ्यांत ओळखीची वाटली: "मी चोरी करत नाहीये, तात्पुरते वापरतोय, पुढच्या महिन्यात परत ठेवीन." अडचण आणि समजूत दोन्ही माणसाच्या आत असतात, तिथं क्लबचा हात पोचत नाही. संधी मात्र आपणच देतो आणि आपणच काढून घेऊ शकतो.

भाषणानंतरचे प्रश्न नेहमीसारखेच होते. नेत्यांचं काय, मोठ्या उद्योगपतींचं काय, परदेशात दडवलेल्या पैशाचं काय. ऑडिटरसाहेबांनी सगळ्यांना शांतपणे उत्तरं दिली. वर्ल्डकॉम या अमेरिकन दूरसंचार कंपनीच्या घोटाळ्याचंही सांगितलं. दुसऱ्या कंपन्यांच्या लाइन वापरण्याचं भाडं हा रोजचा खर्च, पण तो मालमत्ता म्हणून दाखवल्यामुळे नफा फुगला होता. 2002 मध्ये हा घोटाळा उघडकीला आणला कंपनीच्याच अंतर्गत ऑडिट विभागाच्या सिंथिया कूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. बाहेरच्या नामांकित ऑडिटरांच्या नजरेतून तो सुटला होता.

हे अपवादानं घडत नाही. अफरातफर तपासणाऱ्यांची एक जागतिक संघटना दर दोन वर्षांनी हजारो पकडल्या गेलेल्या प्रकरणांचा अहवाल काढते. 2024 च्या अहवालात 43 टक्के प्रकरणं कुणीतरी खबर दिल्यामुळे उघड झाली होती, आणि खबर देणाऱ्यांत निम्म्याहून जास्त त्याच संस्थेतले कर्मचारी होते. बाहेरच्या ऑडिटमधून उघड झालेली प्रकरणं होती 3 टक्के. म्हणजे शेजारच्या टेबलावरचा माणूस बोलला तरच पुष्कळदा गोष्ट बाहेर येते.

आणि इथंच आमच्यासारख्या क्लबची खरी अडचण आहे. शेजारच्या माणसानं बोलायचं कसं? आम्ही वर्षानुवर्षं एकत्र जेवतो, एकमेकांच्या मुलांच्या लग्नांना जातो. रोटरीच्या सभांमधून जी चार प्रश्नांची कसोटी म्हटली जाते, ती हर्बर्ट टेलर यांनी 1932 मध्ये दिवाळखोरीच्या काठावरची कंपनी सावरताना लिहिली. हे खरं आहे का, सगळ्यांना न्याय्य आहे का, यानं सद्भाव आणि मैत्री वाढेल का, सगळ्यांचं भलं होईल का. कसोटी चांगलीच आहे. पण खजिनदाराला बँकेचं स्टेटमेंट मागायला तोंड उघडावं, तर नेमका तिसरा प्रश्न आडवा येतो. पहिल्याचं उत्तर हवं असतं आणि तिसऱ्याची भीड पडते.

ठगांना ही भीड पक्की ठाऊक असते. लोकांचे पैसे गुंतवतो म्हणून फसवणारा अमेरिकन बर्नार्ड मॅडॉफ 2008 च्या डिसेंबरात पकडला गेला तेव्हा गुंतवणूकदारांच्या कागदोपत्री खात्यांत मिळून सुमारे 65 अब्ज डॉलर दिसत होते. त्याला जाहिरात करावी लागली नव्हती. त्याचं नाव क्लबांतून, धर्मादाय संस्थांतून, ओळखीच्या ओळखीतून पसरलं. आपल्यातलाच आहे, अमक्यानं पैसे ठेवलेत, मग आपण कशाला विचारायचं? साप्ताहिक सभेत जो विश्वास आम्ही प्रेमानं जोपासतो, तोच अशा माणसाचं भांडवल असतो. म्हणून क्लबात कुणी "खास आपल्या मंडळींसाठी" म्हणून गुंतवणुकीची योजना आणली, की मी पाणी प्यायला उठते.

मग दर आठवड्याला का जायचं? खरं तर सक्ती राहिलेली नाही. रोटरीनं 2016 पासून क्लबांना महिन्यातून दोनदा भेटण्याचीही मुभा दिली आहे. माझं मत तरीही आठवड्याच्या बाजूनं आहे, आणि कारण अगदी कोरडं आहे: वारंवार भेटलं की विचारणं सवयीचं होतं. हिशेब वर्षातून एकदा विचारला की तो संशय वाटतो. समोरचा दुखावतो, विचारणारा भांडखोर ठरतो. दर महिन्याच्या पहिल्या सभेत, वाढदिवसांच्या शुभेच्छांनंतर आणि वक्त्याच्या आधी, खजिनदार उभा राहून जमा, खर्च आणि शिल्लक वाचतो, असा पायंडा पडला की त्यात कुणाचा अपमान राहत नाही. ते हजेरीसारखं होतं. कुणीही हात वर करून "ही रक्कम कसली?" विचारू शकतं, आणि उत्तर मिळालं की कार्यक्रम पुढे सरकतो.

आमच्याकडे असा पायंडा आता पडलाय. सुरुवातीला कुरकुर झाली, "आपण काय कंपनी आहोत का?" झालं. सर्वांत जास्त फायदा खजिनदारालाच झाला हे मात्र कुणी सांगत नाही. पूर्वी पाठीमागे कुजबुज व्हायची, आता जे काय ते तोंडावर. एक गोष्ट अजून जमलेली नाही. अध्यक्ष दर 1 जुलैला बदलतो, खजिनदार वर्षानुवर्षं तोच राहतो, कारण ते किचकट काम घ्यायला दुसरं कुणी पुढे येत नाही. मी एका बाईंचं नाव सुचवून पाहिलं, त्यांनी मलाच सुचवलं.

तर तुम्हाला यायचं असेल तर पाहुणे म्हणून एकदा या. भाषण कंटाळवाणं निघण्याची शक्यता आहे, ते मी आधीच सांगून ठेवते. महिन्याच्या पहिल्या सभेला आलात तर बरं.